यादींतल्या यादींत दुरुस्ती

संगणकाच्या पडद्यावर दिसणाऱ्या यादींत, ती यादी न सोडतां, जागच्या जागीं दुरुस्ती करण्याची सोय असावी कीं नसावी, आणि असावी तर ती कशी असावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय ऐकतांच कांहीं श्रोत्यांना असें वाटेल कीं, हा तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मंडळींचा प्रश्न; संसारी माणसाला त्याच्याशीं काय कर्तव्य? परंतु आज बँकेंतील खातें, शाळेंतील गुण, गृहसंस्थेची वर्गणी, वाचनालयाचें सभासदत्व, इतकेंच काय, शेताचा सातबारासुद्धां कोणत्या ना कोणत्या यादींतील एक ओळ होऊन बसला आहे. त्या ओळींत कोणीं, केव्हां आणि कितपत सहज हात घालावा, हा प्रश्न म्हणूनच आपणां सर्वांचा आहे.

प्रथम दोन शब्दांचा अर्थ ठरवून घेऊं. एका माणसाविषयीं, वस्तूविषयीं किंवा व्यवहाराविषयीं एकत्र ठेवलेली माहिती म्हणजे ‘नोंद’; आणि अशा अनेक नोंदी एकीखालीं एक मांडल्या म्हणजे होते ती ‘यादी’. यादींत प्रत्येक नोंदीला एक ओळ मिळते आणि माहितीच्या प्रत्येक प्रकाराला एक रकाना. शाळेचें हजेरीपत्रक, वाण्याची उधारीची वही, दवाखान्यांतील रुग्णांची नोंदवही हीं सारीं याच घडणीचीं. १९७० सालीं आय. बी. एम. कंपनींतील एडगर कॉड यांनीं संगणकांतील माहितीचे मोठे सांठे ओळी व रकाने यांच्या तक्त्यांच्या रूपानें ठेवावे, असा विचार शास्त्रशुद्ध रीतीनें मांडला, आणि आज जगांतील फार मोठा कारभार अशा तक्त्यांवर चालतो. म्हणजे संगणकानें वही टाकून दिली नाहीं. वहीचीच घडण उचलली.

मात्र एका बाबतींत फरक पडला. कागदाच्या वहींत यादी पाहण्याची जागा आणि यादींत लिहिण्याची जागा एकच असते. वर्गांत हजेरी घेतांना मास्तर नांव वाचतात आणि त्याच ओळींत खूण करतात. त्यासाठीं प्रत्येक मुलाचा स्वतंत्र कागद कपाटांतून काढावा लागत नाहीं. संगणकावर, विशेषतः वेबवर, या दोन जागा वेगळ्या झाल्या. वेब ॲप्लिकेशन म्हणजे दूरच्या एखाद्या संगणकावर चालणारा आणि आपल्या ब्राउझरच्या खिडकींतून दिसणारा प्रोग्रॅम. त्या दूरच्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. आपण पान मागावें, सर्व्हरनें तें पाठवावें, आणि पाठवल्यावर त्याचा संबंध संपावा, असा हा मूळचा व्यवहार आहे. दोघांनीं पोस्टानें पत्रव्यवहार करावा तसा. आपल्या हातीं आलेलें पान हें खुद्द वहीचें पान नसून त्या क्षणीं उतरून घेतलेली त्याची नक्कल असते. ही गोष्ट श्रोत्यांनीं कृपा करून ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें फार काम पडणार आहे.

गंमत अशी कीं, वेबच्या जन्मकाळीं वाचणें आणि लिहिणें यांची ताटातूट झालेली नव्हती. १९९० सालीं जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं पहिला ब्राउझर लिहिला, तेव्हां त्यांत पान वाचतां येई आणि त्याच खिडकींत तें दुरुस्तही करतां येई. परंतु पुढें १९९३ पासून जे ब्राउझर सर्वत्र पसरले ते मुख्यतः वाचण्याचे होते. लिहिण्यासाठीं ‘फॉर्म’ नांवाची निराळी योजना आली. १९९५ च्या नोव्हेंबरांत प्रसिद्ध झालेल्या एच. टी. एम. एल. च्या दुसऱ्या आवृत्तींत तिला प्रमाणरूप मिळालें. तेव्हांपासून एक शिरस्ताच पडून गेला. यादीचें पान केवळ पाहण्यासाठीं. दुरुस्ती करावयाची तर ओळीवर बोट ठेवावें, त्या एका नोंदीचें सविस्तर पान उघडावें, त्यांतील फॉर्म भरावा, ‘जतन करा’ असें बटण दाबावें आणि पुन्हां यादीकडे परत यावें.

या शिरस्त्याची किंमत किती पडते तें एका उदाहरणानें पाहूं. मजजवळ येथें फळा नाहीं, तेव्हां श्रोत्यांनीं मनांतल्या मनांतच आकृति काढावी. शंभर सदनिकांची एक सहकारी गृहसंस्था आहे अशी कल्पना करा. तिच्या यादींत शंभर ओळी आहेत आणि रकाने पांच: सदनिकेचा क्रमांक, सभासदाचें नांव, दूरध्वनीचा क्रमांक, गाडीची जागा, आणि या महिन्याची वर्गणी भरली कीं नाहीं तें दाखवणारी चौकट. महिनाअखेरीस सेक्रेटरींना साठ सभासदांच्या ओळींत ‘भरली’ अशी खूण करावयाची आहे. जुन्या पद्धतीनें एका ओळीला चार क्रिया पडतात: नोंद उघडणें, खूण करणें, जतन करणें, परत येणें. साठ ओळींना दोनशें चाळीस क्रिया झाल्या, आणि त्यांपैकीं एकशें ऐंशी केवळ येण्याजाण्याच्या व जतन करण्याच्या. याच चौकटी यादीच्या पानावरच मोकळ्या ठेवल्या, तर साठ खुणा आणि शेवटीं एकदां जतन, मिळून एकसष्ट क्रियांत काम आटोपतें.

क्रियांची ही बचत मोठी खरी. परंतु माझ्या मतें तिच्याहून महत्त्वाचा लाभ दुसराच आहे. यादींत काम करतांना शेजारच्या ओळी डोळ्यांपुढें राहतात. एका सभासदाचा दूरध्वनि नऊच आंकड्यांचा आहे, दोघांना एकच गाडीची जागा दिली गेली आहे, असले दोष ओळी एकमेकींखालीं असल्या म्हणजे चटकन् दिसतात. एकेक पान उघडून पाहणाऱ्याला ते दिसत नाहींत, कारण त्याला शेजारच नाहीं. अमेरिकेंतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रांत १९७० नंतरच्या दशकांत काम केलेले लॅरी टेस्लर यांनीं याच तत्त्वाचा जन्मभर पाठपुरावा केला. यंत्राची एक अवस्था पाहण्याची, दुसरी लिहिण्याची, आणि माणसानें आपण कोणत्या अवस्थेंत आहों याचें सतत भान ठेवावें, हें त्यांना मान्य नव्हतें. अशा अवस्थांना इंग्रजींत ‘मोड’ म्हणतात. टेस्लर यांनीं आपल्या मोटारीच्या क्रमांकपट्टीवर देखील ‘नो मोड्स’ असें लिहवून घेतलें होतें! २०२० सालीं ते वारले; मात्र मजकूर कापून दुसरीकडे चिकटवण्याची जी सोय आपण नित्य वापरतों, तींत त्यांचा मोठा वाटा आहे.

आतां यादींत दुरुस्तीची ही सोय प्रत्यक्ष कशी करतात, तें एका खऱ्या साधनाच्या आधारें पाहूं. अमेरिकेच्या कॅन्सस संस्थानांत लॉरेन्स नांवाचें शहर आहे. तेथील ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या कचेरींत २००३ सालीं ॲड्रिअन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन या दोघां तरुणांनीं पायथन या भाषेंत वेब ॲप्लिकेशन रचण्याचें एक साहित्य तयार करण्यास आरंभ केला. वृत्तपत्राचें काम म्हणजे घाईचें. आज सांगितलेलें पान उद्यां हवें. शिवाय बातम्या भरणारी माणसें प्रोग्रॅम लिहिणारीं नव्हेत. त्यांना समजेल असें व्यवस्थेचें पान आयतें मिळणें अगत्याचें होतें. या गरजेंतून निघालेलें साहित्य जुलै २००५ मध्यें सर्वांसाठीं खुलें करण्यांत आलें. प्रसिद्ध गिटारवादक जँगो राइनहार्ट यांच्या नांवावरून त्याला ‘जँगो’ हें नांव दिलें आहे. त्यांत ‘ॲडमिन’ म्हणून व्यवस्थेचा जो भाग आहे, तो तक्त्याचें वर्णन वाचून यादीचें पान व सविस्तर पान हीं दोन्ही आपण होऊन तयार करतो. जुलै २००९ मध्यें निघालेल्या याच्या १.१ या आवृत्तींत यादीच्या पानावरच रकाने दुरुस्तीसाठीं मोकळे करण्याची सोय आली. तिचें नांव ‘लिस्ट एडिटेबल’, म्हणजे दुरुस्त करतां येणारी यादी.

ही सोय चालू करण्यास प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला एकच ओळ लिहावी लागते: अमुक अमुक रकाने मोकळे ठेवा. परंतु तिला दोन नियम आहेत आणि दोन्ही मोठे समजूतदारपणाचे आहेत. पहिला नियम असा कीं, जो रकाना यादींत दाखवलेलाच नाहीं तो मोकळा करतां येत नाहीं. जें दिसत नाहीं तें दुरुस्त कसें करणार? दुसरा नियम असा कीं, ज्या रकान्यावर बोट ठेवल्यानें सविस्तर पान उघडतें, तो रकाना लिहिण्यासाठीं मोकळा ठेवतां येत नाहीं. एकच जागा दारही आणि पाटीही असूं शकत नाहीं; तेथें स्पर्श केल्यास आंत जावयाचें कीं लिहावयाचें, हें यंत्राला कळावें कसें? यांतला कोणताही नियम मोडला तर जँगो काम सुरू होण्यापूर्वींच चूक दाखवतो.

मोकळे केलेले रकाने पडद्यावर चौकटींच्या रूपानें दिसतात. येथें खुबी अशी आहे कीं, दिसायला यादी असली तरी तें सारें पान मिळून आतां एक मोठा फॉर्म झालेला असतो आणि प्रत्येक ओळ त्या फॉर्मांतील एक छोटा फॉर्म असते. प्रत्येक ओळीच्या पोटीं त्या नोंदीचा खरा क्रमांक गुप्तपणें ठेवलेला असतो. हा क्रमांक फार मोलाचा. कारण पडद्यावर पांचवी दिसणारी ओळ वहींतही पांचवीच राहील याची शाश्वती नसते. मध्यंतरीं कोणी नवी नोंद घातली तर सारा क्रम सरकतो. म्हणून ‘पांचव्या ओळींत हें लिहा’ असें न सांगतां ‘अमक्या क्रमांकाच्या नोंदींत हें लिहा’ असें सांगावें लागतें. आपल्याकडे दप्तरांत पानापेक्षां नोंदीचा क्रमांक प्रमाण मानतात, त्याच जातीची ही सावधगिरी आहे.

तळाचें बटण दाबलें कीं पानावरील सर्व ओळी सर्व्हरकडे जातात. सर्व्हर प्रत्येक ओळीला दोन प्रश्न विचारतो. पहिला, लिहिलेलें नियमांत बसतें काय? तारखेच्या रकान्यांत तारीखच आहे ना, आंकड्याच्या जागीं आंकडाच आहे ना? एखाद्या ओळींत दोष असला तर पान परत येतें आणि त्याच ओळीपाशीं दोष दाखवला जातो. दुसरा प्रश्न, या ओळींत कांहीं बदल झाला आहे काय? झाला नसेल तर ती ओळ तशीच सोडून द्यावयाची. झाला असेल तर ती वहींत लिहावयाची, आणि कोणीं, केव्हां, कोणता रकाना बदलला याची वेगळ्या रोजनाम्यांत नोंद करावयाची. ज्याला बदलाचा अधिकारच दिलेला नाहीं, त्याला मोकळ्या चौकटी दिसतच नाहींत.

एक मर्यादा येथें सांगून ठेवतों, कारण ती पुष्कळांना अकस्मात् आडवी येते. जँगोच्या यादीच्या एका पानावर, वेगळें कांहीं ठरवलें नसल्यास, शंभर ओळी येतात. उलटपक्षीं २०१६ सालच्या १.१० या आवृत्तीपासून एका वेळीं येणाऱ्या रकान्यांच्या संख्येला एक हजारांची मर्यादा घातलेली आहे. कोणी मुद्दाम लाखों रकाने पाठवून सर्व्हरचा दम कोंडूं नये म्हणून. आतां हिशेब करा. दहा रकाने मोकळे आणि ओळी शंभर, म्हणजे एक हजार झाले. त्यांत प्रत्येक ओळीचा गुप्त क्रमांक मिळवला कीं अकराशें. मर्यादा ओलांडली आणि प्रामाणिक माणसाचेंच पान नाकारलें गेलें! यावर ती मर्यादा वाढवतां येते हें खरें. परंतु शहाणपणाचा उपाय म्हणजे ओळी कमी करणें, आणि त्याहून शहाणपणाचा म्हणजे मोकळे रकाने कमी करणें. दहा रकाने मोकळे सोडावे लागत असतील, तर ती यादी उरलीच नाहीं. तें शंभर सविस्तर पानांचें गाठोडें झालें.

सारें पान एकदम जतन करण्याऐवजीं दुसरीही एक रीत आहे. ती म्हणजे एकेक चौकट भरतांच तेवढीच सर्व्हरकडे पाठवणें. पान न हलवतां पाठीमागून असा निरोप पाठवण्याचें साधन मायक्रोसॉफ्टच्या १९९९ सालच्या ब्राउझरांत आलें, आणि २००५ सालीं जेसी जेम्स गॅरेट यांनीं या कार्यपद्धतीला ‘एजॅक्स’ हें नांव दिल्यावर ती फार लोकप्रिय झाली. या रीतींत जतन करण्याचें राहून जाणें हा प्रकार नाहीं. परंतु तिलाही दुसरी बाजू आहे. बटण दाबण्यापूर्वीं माणूस एकवार आपल्या कामावरून नजर फिरवतो. ती संधि येथें हरवते. चुकून बोट लागलें तरी वहींत उतरलें! म्हणून या रीतींत दोन गोष्टी अवश्य पाहिजेत. चौकट बदलली पण अद्याप जतन झाली नाहीं, जतन झाली, आणि जतन होऊं शकली नाहीं, या तीन स्थिति निरनिराळ्या दिसल्या पाहिजेत; आणि केलेला बदल मागें घेण्याचा मार्ग तेथल्या तेथें मिळाला पाहिजे. तार तुटली असतां ‘झालें’ असें भासवणारें यंत्र लबाड कारकुनापेक्षांही वाईट. कारण कारकुनाचा संशय येतो, यंत्राचा येत नाहीं.

आतां या विषयाच्या गाभ्याशीं येऊं. मघाशीं सांगितलें कीं, आपल्या पडद्यावरचें पान ही नक्कल असते. आपल्या गृहसंस्थेकडे पुन्हां वळा. सकाळीं दहा वाजतां सेक्रेटरींनीं यादी उघडली. त्या वेळीं सदतीस क्रमांकाच्या सदनिकेची वर्गणी भरलेली नव्हती. दहा वाजून दहा मिनिटांनीं खजिनदारांनीं आपल्या घरच्या संगणकावर, सदतीस क्रमांकाच्या सभासदाकडून पैसे घेऊन, ‘भरली’ अशी खूण केली. सेक्रेटरींना याची वार्ता नाहीं. त्यांच्या पडद्यावर जुनीच नक्कल आहे. त्यांनीं बावन्न क्रमांकाच्या सभासदाचा दूरध्वनि तेवढा दुरुस्त केला आणि साडेदहाला बटण दाबलें. काय झालें असेल? सारें पान गेलें. सर्व्हरनें प्रत्येक ओळीला विचारलें, बदल झाला आहे काय? हा बदल तो कशाशीं ताडून पाहतो? दहा वाजतांच्या पानाशीं नव्हे, कारण तें पान पाठवून तो मोकळा झाला होता. तो ताडतो तें वहीच्या साडेदहाच्या स्थितीशीं. वहींत सदतीसची वर्गणी ‘भरली’ आहे, आलेल्या पानांत ‘भरली नाहीं’. सर्व्हर समजतो कीं, सेक्रेटरींनीं ही खूण जाणूनबुजून काढली! आणि तो ती काढून टाकतो.

श्रोतेहो, या प्रसंगाचा नीट विचार करा. सेक्रेटरींनीं सदतीसच्या ओळीला स्पर्शही केलेला नाहीं. खजिनदारांनीं आपलें काम चोख केलें आहे. सभासदानें पैसे भरले आहेत. तरीही पुढच्या आठवड्यांत त्या सभासदाच्या दारावर थकबाकीची सूचना लागते. आणि रोजनामा उघडून पाहावा, तर त्यांत ‘साडेदहा वाजतां सेक्रेटरींनीं बदल केला’ असें स्पष्ट लिहिलेलें! तिघेही निर्दोष, आणि तिघांत वैमनस्य. सविस्तर पानावर देखील असला घोटाळा होऊं शकतो. परंतु तेथें तो त्या एका नोंदीपुरता असतो. यादीच्या पानावर एका बटणाखालीं शंभर जणांच्या नोंदी असतात. सोय जितकी विस्तृत, तितका तिचा धोकाही विस्तृत.

एकाचें लिहिणें दुसऱ्याच्या शिळ्या लिहिण्याखालीं असें पुसलें जाणें, याला शास्त्रांत ‘हरवलेली दुरुस्ती’ अशा अर्थाचें नांव आहे, आणि त्यावर दोन जातींचे उपाय आहेत. पहिला कुलुपाचा. एकानें ओळ दुरुस्तीला घेतली कीं तिला कुलूप लावावयाचें. तो सोडीपर्यंत दुसऱ्यानें थांबावें. हा उपाय बँकेच्या क्षणभराच्या व्यवहारांत उत्तम. परंतु वेबवर माणूस ओळ उघडून जेवायला निघून जातो, आणि बाकीचे ताटकळत बसतात.

दुसरा उपाय विश्वासाचा, पण डोळस विश्वासाचा. १९८१ सालीं एच. टी. कुंग आणि जॉन रॉबिन्सन यांनीं एका निबंधांत याचें विवेचन करून त्याला आशावादी पद्धति म्हटलें. कुलूप लावूं नये. बहुतेक वेळां दोघांची गांठ पडत नाहीं असें धरून चालावें. मात्र लिहिण्याच्या क्षणीं, आपण वाचल्यानंतर मध्यें कोणी हात घातला काय, हें तपासावें. व्यवहारांत हें फार सोपें आहे. प्रत्येक नोंदीला आवृत्तीचा एक आंकडा द्यावा. नोंद बदलली कीं तो एकानें वाढवावा. पान पाठवतांना तो आंकडाही ओळीच्या पोटीं घालून द्यावा. पान परत आल्यावर सर्व्हरनें म्हणावें, ‘या नोंदीचा आंकडा अद्याप चारच असेल तर लिही, नाहीं तर लिहूं नकोस.’ खजिनदारांच्या खुणेनें आंकडा पांच झालेला असेल. मग सेक्रेटरींची शिळी ओळ नाकारली जाईल. मात्र ओळ नाकारून गप्प बसणें हाही अन्यायच होईल. सेक्रेटरींना सांगितलें पाहिजे कीं, आपण पान उघडल्यानंतर ही ओळ खजिनदारांनीं बदलली आहे, त्यांचें लिहिणें हें, आपलें हें, कोणतें राखावयाचें? निर्णय माणसानें करावा. यंत्रानें फक्त तो चोरून करूं नये.

याहूनही एक साधा उपाय आहे. ज्या चौकटींना माणसानें खरोखर हात लावला, तेवढ्याच सर्व्हरकडे पाठवाव्या. न स्पर्शलेली ओळ पाठवलीच नाहीं, तर ती कोणाचें कांहीं पुसूंही शकणार नाहीं. दोन्ही उपाय एकत्र योजले तर उत्तमच.

शेवटचा प्रश्न असा कीं, कोणते रकाने मोकळे ठेवावे आणि कोणते कुलुपांत ठेवावे? याचें उत्तर यंत्रशास्त्रांत नाहीं. तें आपल्या दप्तरांच्या जुन्या शहाणपणांत आहे. सातबाऱ्याचेंच पाहा. शेत विकलें म्हणून सातबाऱ्यावरचें जुनें नांव खोडून नवें कोणी लिहीत नाहीं. आधीं फेरफाराच्या नोंदवहींत, म्हणजे गांव नमुना सहामध्यें, बदलाची नोंद होते. तिची प्रत चावडीवर लागते. संबंधितांना लेखी कळवतात. हरकत घेण्यास अवधि मिळतो. आणि अधिकाऱ्यानें ती नोंद प्रमाणित केल्यावरच सातबाऱ्यांत बदल उतरतो. १९६६ सालच्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंत ही सारी रीत घालून दिली आहे. त्याच संहितेच्या १५५ व्या कलमांत केवळ लेखनाच्या चुकांच्या दुरुस्तीची वेगळी तजवीज आहे. हक्क बदलणें ही एक गोष्ट आणि हातून झालेला लेखनदोष सुधारणें ही दुसरी. दोहोंना एकच दार ठेवूं नये, हें तत्त्व कायदा करणाऱ्यांनीं नीट ओळखलें होतें.

शाळेंतही हाच न्याय चालत आलेला आहे. हजेरीपत्रक रोज वर्गांत उघडतें; त्यांत शिक्षक बसल्या जागीं खूण करतो. परंतु प्रवेशाच्या मोठ्या नोंदवहींतील जन्मतारीख वर्गशिक्षकानें परभारें बदलूं नये. तिला वरिष्ठांची लेखी मंजुरी लागते. मुलाची परीक्षा, नोकरी, निवृत्ति या सर्वांची गणना त्या एका तारखेवरून होते. दोन्ही कागदच, दोन्ही यादीच. पण एकींत लेखणी मोकळी आणि दुसरींत बांधलेली.

या दाखल्यांवरून कांहीं नियम सहज निघतात. जो रकाना वारंवार बदलतो, ज्याची किंमत दोनचार ठराविक पर्यायांतून निवडावयाची असते, आणि जो चुकला तरी उद्यां सुधारतां येतो, तो यादींत खुशाल मोकळा ठेवावा: भरली कीं नाहीं, आला कीं नाहीं, कपाटाचा क्रमांक, यादींतील क्रम. ज्याच्यावर पैसा, हक्क किंवा माणसाची ओळख अवलंबून आहे, तो यादींत दिसावा, पण दुरुस्तीसाठीं त्याचें सविस्तर पानच उघडावें लागावें. तेथें पोंचण्यास लागणारा वेळ वायां गेला असें समजूं नये. तो विचाराचा वेळ आहे. आणि ज्या नोंदीनें जुना इतिहास सिद्ध होतो, ती तर पुसूंच नये. फेरफारासारखी नवी नोंद तिच्या खालीं घालावी.

उघड्या यादींत काम करणाऱ्यांच्या सोयीच्या दोन गोष्टी सांगून आटोपतें घेतों. डोळा एक ओळ चुकतो आणि एकाचे गुण दुसऱ्याच्या ओळींत पडतात, हा कागदावरचा जुना रोग पडद्यावरही आहे. म्हणून ज्या ओळींत आपण लिहीत आहों ती ओळ रंगानें उठून दिसावी, आणि सभासदाचें नांव डावीकडे स्थिर राहावें, म्हणजे पान उजवीकडे सरकलें तरी आपण कोणाविषयीं लिहितों याचा विसर पडत नाहीं. दुसरी गोष्ट, एका चौकटींतून पुढल्या चौकटींत कळफलकावरूनच जातां यावें. ज्यांचे हात थरथरतात किंवा ज्यांना दिसत नाहीं अशांना तर हीच वाट असते. त्यांच्यासाठीं प्रत्येक चौकटीला तिच्या नांवाची व ओळीची ओळख दिलेली असावी, म्हणजे वाचून दाखवणारें यंत्र नुसतें ‘चौकट, रिकामी’ असें न म्हणतां ‘सदनिका सदतीस, वर्गणी, भरलेली नाहीं’ असें सांगेल.

यादींतल्या यादींत दुरुस्ती करूं देणें म्हणजे वही माणसाच्या हातीं देणें होय. ती अवश्य द्यावी. जी वही उघडायला कष्ट पडतात ती शिळी राहते, आणि शिळी वही सर्वांचेंच नुकसान करते. मात्र वही देतांना कोणतें पान शाईनें लिहावयाचें आणि कोणतें शिसपेन्सिलीनें, हें आधीं ठरवून द्यावें. आणि एकाच वेळीं दोन हात त्याच ओळीवर आले तर दोघांनाही एकमेकांचा हात दिसेल अशी तजवीज ठेवावी. आपल्या संस्थेंत, शाळेंत, वाचनालयांत नवें ॲप्लिकेशन घेण्याची चर्चा निघेल, तेव्हां तें विकणाऱ्याला एवढेंच विचारा: दोघांनीं एकाच वेळीं ही यादी उघडली आणि दोघांनींही जतन केलें, तर काय होईल? उत्तर देतांना तो अडखळला, तर यादीचे रकाने तूर्त बंदच ठेवावे हें बरें.